घर विकताना : मध्यस्थ, कागद आणि विश्वास

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिला ‘घर पाहावे विकून’ हे तिसरे कलम जोडण्याचा अधिकार अनुभवाने आम्हांस प्राप्त झाला आहे. राऊ येथे आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याचा घाऊक व्यापार करीत आलो. गहू, हरभरा व सोयाबीन यांची किती पोती या हातांखालून गेली याची मोजदाद वह्यांतच आहे. घर मात्र आयुष्यात एकदाच विकले; आणि त्या एका सौद्यात ज्या चुका केल्या, त्या धान्याच्या सौद्यांत केल्या असत्या तर पेढीस केव्हाच कुलूप लागले असते. आमच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांवर आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे. त्यांस काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे.

धान्याचा सौदा आणि घराचा सौदा

प्रथम या दोहोंतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. बाजार समितीच्या आवारात माल येतो, ढीग पडतो, चार व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतात आणि उघड लिलावात भाव ठरतो. कालचा भाव सर्वांस ठाऊक असतो; आजचा त्याच्या आसपासच राहतो. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील सौद्यात दलाल नमुना घेऊन फिरतो, आणि नमुन्याप्रमाणे माल निघाला नाही तर दुसऱ्याच दिवशी तक्रार येते.

घराचे तसे नाही. घराचा नमुना नसतो. ढीग एकच, आणि त्यासारखा दुसरा ढीग जगात नाही. रोजचा भाव कोठे लिहिलेला नसतो. विकणारा नवखा, घेणारा नवखा. तिघांत जाणता असतो तो एकटा दलाल. याच कारणाने घरमालक एक तर दलालावर सर्व भार टाकून मोकळा होतो, किंवा त्याच्या दलालीचे पैसे वाचवावे म्हणून त्यास दारात उभा करीत नाही. आम्ही हे दोन्ही करून पाहिले. आमचा अनुभव असा की, दलाल असावा की नसावा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न निराळाच आहे, आणि तो सुटला नाही तर दलाल असूनही सौदा मोडतो व नसूनही मोडतो. तो प्रश्न कोणता, हे आमच्या हकीकतीवरून उघड होईल.

आमचे घर

आमच्या वडिलांनी १९६४ साली स्वकमाईने राऊ येथे जागा घेऊन घर बांधले. जागा सुमारे १,५०० चौरस फूट. पुढे दुकानाची ओसरी, मागे परसात विहीर. वडील २००९ साली निवर्तले, मातोश्री २०१५ साली गेल्या. आम्ही पेढीजवळ राहावयास गेलो, धाकटे बंधू इंदूर शहरात गेले आणि घर रिकामे पडले. पुढे बंधूंच्या व्यवसायात खोट येऊन देणी अंगावर आली, तेव्हा २०१७ साली घर विकण्याचे ठरले. गरज होती म्हणून घाई होती. आणि घाईच्या सौद्यात तोलणाऱ्याची नजर काट्यावर राहत नाही.

किंमत कशी ठरवावी

आमची पहिली चूक किमतीची. राऊ हे आता पूर्वीचे खेडे राहिलेले नाही. आग्रा-मुंबई मार्ग येथून जातो, पीथमपूरचे कारखाने जवळ आहेत, आणि १९९६ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचे आवार राऊ-पीथमपूर रस्त्यावर आहे. आसपास वसाहती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकाच्या तोंडी कोणाच्या तरी भूखंडाची सोन्याच्या भावाने झालेली विक्री होती. त्या ऐकीव गोष्टींवरून आम्ही ७५ लाख रुपये सांगू लागलो. चार महिने माणसे आली, चहा पिऊन गेली.

बाजारात ‘अमक्याने अमुक भाव मागितला’ याला आपण भाव म्हणत नाही. ज्या भावाने वजन झाले तोच भाव. घराचेही तसेच करावे. आपल्याच गल्लीत वा शेजारच्या वस्तीत गेल्या वर्षा-दीड वर्षात प्रत्यक्ष नोंदविली गेलेली तीन-चार खरेदीखते कोणत्या रकमेची होती, याची माहिती काढावी. जिल्हाधिकाऱ्यांचे वार्षिक दर, ज्यांस मध्य प्रदेशात ‘गाइडलाइन’ म्हणतात, तेही पाहावेत. तो बाजारभाव नव्हे, परंतु मुद्रांक शुल्काचा हिशेब त्यावरच होतो. आम्ही हे उशिरा केले, तेव्हा आमच्या घराची रास्त किंमत ५५ ते ६० लाखांच्या दरम्यान आहे असे दिसून आले. जी किंमत आपल्या गरजेतून किंवा आठवणींतून निघते, ती घेणाऱ्यास बांधील नसते.

दलाल काय करतो व काय करीत नाही

चार महिन्यांनी आम्ही एका दलालाकडे गेलो. ज्यांचा स्वतःचाच चरितार्थ बाजारातील मध्यस्थीशी निगडित आहे, त्यांनी दलालास नावे ठेवणे शोभत नाही. चांगला दलाल तीन कामे करतो. तो गिऱ्हाईक शोधतो व रिकामटेकडी माणसे गाळून टाकतो. दुसरे, घासाघीस करताना मालक व गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभा राहून कोणाचेही मन दुखू देत नाही. कारण आपल्या घराला नावे ठेवलेली मालकास समक्ष ऐकवत नाहीत. आणि तिसरे, कचेऱ्यांतील धावपळ सोसतो.

परंतु त्याचा स्वार्थ व मालकाचा स्वार्थ सर्वस्वी एक नसतो, हे हिशेबाने पाहावे. समजा दलाली शेकडा १ आहे. घर ५५ लाखांस गेले तर त्यास ५५,००० मिळतात, ५० लाखांस गेले तर ५०,०००. म्हणजे मालकाचे ५ लाख जातात तेव्हा त्याचे ५,०००च जातात. सबब, अधिक किमतीसाठी दोन महिने थांबण्यापेक्षा आज सौदा उरकणे त्यास परवडते. शिवाय तो बहुधा उभयपक्षांकडून दलाली घेतो. म्हणजे तो मालकाचा चाकर नसून सौद्याचा चाकर असतो. यात लबाडी नाही. मात्र ही गोष्ट विसरून चालत नाही.

म्हणून त्याच्याशी अटी लेखी ठरवाव्यात : दलाली शेकडा किती, मुदत किती, तीन महिने पुष्कळ झाले, मालकाने स्वतः गिऱ्हाईक आणले तर दलाली द्यावयाची की नाही, आणि दलाली केव्हा देय होणार. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, निराळा ठराव नसेल तर काम पुरे झाल्यावाचून मध्यस्थास मोबदला मागता येत नाही. त्याच कायद्याप्रमाणे, मालकास न सांगता त्याने स्वतःच तो माल घेतला, तर मालकास तो व्यवहार विशिष्ट परिस्थितीत नाकारता येतो. नातलगाच्या नावे स्वस्तात घेऊन पुढे चढ्या भावाने विकणारे काही असतात, त्यांच्यासाठी हे कलम ध्यानात ठेवावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालांस नोंदणी सक्तीची केली आहे. जुन्या घराच्या सौद्यातही असा नोंदणीकृत मनुष्य मिळाला तर तो पसंत करावा.

दलालीचा दर हा काही शास्त्रवचन नव्हे. अमेरिकेत घर विकणाऱ्याने शेकडा ५ ते ६ द्यावेत व त्यातूनच घेणाऱ्याच्या दलालाचाही वाटा निघावा, असा प्रघात होता. त्यावर कज्जे होऊन २०२४ साली तेथील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेस ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली व नियमही बदलावे लागले. तात्पर्य, दलाली ठरविण्याची गोष्ट आहे, सोसण्याची नव्हे.

सौदा कसा मोडला

आमच्या दलालाने दोन महिन्यांत गिऱ्हाईक आणले. मार्च २०१८ मध्ये ५८ लाखांस ठराव झाला. ५ लाख इसार, म्हणजे आमच्या इकडील बयाना, धनादेशाने मिळाला. आणि आमच्याकडून करार पुरा न झाल्यास इसार परत करून वर १ लाख भरपाई द्यावी, अशी अट आम्हीच मोठ्या डौलाने मान्य केली. घेणाऱ्याच्या वकिलांनी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली : या घरावर कोणाचा हक्क वा हरकत असल्यास कळवावे.

चौथ्या दिवशी सायंकाळी खंडव्याहून आमच्या भगिनींचा फोन आला. त्या एवढेच म्हणाल्या, “दादा, आपलं घर विकतो आहेस का? ह्यांनी पेपरात वाचलं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. वडिलांच्या पश्चात नगर परिषदेच्या दप्तरी आम्हा दोघा बंधूंचीच नावे चढली होती, आणि ती चढताना बहिणीस विचारावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. दलालाने आम्हांस कागद विचारले नव्हते हे खरे. परंतु आमच्या बहिणीची आठवण आम्हांस करून देणे हे दलालाचे काम नव्हे. भगिनींनी हरकत घेतली नाही. घेणाऱ्याच्या वकिलांनी मात्र तीच आडनावाची कन्या शोधून काढली, सौदा थांबविण्याचा सल्ला दिला, आणि ठरल्या मुदतीत कागद पुरे न झाल्याने गिऱ्हाईक निघून गेले.

येथे कायदा काय म्हणतो ते प्रत्येक व्यापारीबंधूने नीट समजून घ्यावे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणां जैनांसही लागू आहे. पित्याने स्वकमाईचे घर मृत्युपत्र न करता मागे ठेवले, तर विधवा, पुत्र व कन्या यांस सारखा हिस्सा मिळतो. हे कन्येच्या बाबतीत १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत कन्येस जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचा संदेह दूर केला. दप्तरी नामांतरण झाले म्हणजे मालकी झाली, ही समजूतही चुकीची आहे. नामांतरणाची नोंद कर आकारणीपुरती असते, तिने हक्क उत्पन्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात पुन्हा सांगितले आहे. म्हणजे आम्ही तिघांचे घर दोघांच्या सहीने विकावयास निघालो होतो. आम्ही भाऊ म्हणून चुकलो आणि विक्रेते म्हणूनही चुकलो. दोन्ही चुका एकच होत्या.

कागदांची सिद्धता

तेव्हा पहिला प्रश्न हा : आपण जे विकतो ते संपूर्णपणे आपले आहे काय, आणि ते कागदाने दाखविता येईल काय? दलालाकडे जाण्यापूर्वी, फलक लावण्यापूर्वी, पुढील गोष्टी कराव्यात.

सर्व वारसांची यादी करून प्रत्येकाची संमती प्रत्यक्ष भेटून घ्यावी. मूळ खरेदीखत व त्यामागील कागदांची साखळी जुळवावी. आमच्या भागात ही साखळी कधी कधी तीन राजवटींतून येते : होळकर राज्य, मे १९४८ पासूनचा मध्य भारत, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा आजचा मध्य प्रदेश. आमच्या जागेच्या पूर्वमालकाचा एक कागद मोडी लिपीत होता. तो जाणकाराकडून वाचून घेऊन त्याचे लिप्यंतर जोडावे लागले. महू छावणीतील जुन्या बंगल्यांसारख्या ठिकाणी इमारत एकाची व जमीन सरकारची असे असू शकते. तेथे अधिकच सावध असावे. आसपासच्या खेड्यांत, जेथे गावठाणातील घरांस कागदच नव्हते, तेथे २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली मिळकतपत्रे देण्याचे काम झाले आहे, ती मिळवावीत. महाराष्ट्रातील बंधूंनी मिळकत पत्रिका अद्ययावत करून घ्यावी.

घरावर कर्ज वा बोजा असल्यास फेडल्याचा दाखला, संपत्तिकर, वीज व नळ यांच्या पावत्या आणि चतुःसीमेचा नकाशा एका धारिकेत ठेवावा. गिऱ्हाईकास छायाप्रती द्याव्यात. मूळ कागद हातचे सोडू नयेत. केवळ मुखत्यारपत्र लिहून घर विकण्याचा जो आडमार्ग पूर्वी चाले, त्याने मालकी जात नाही व येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच ठरविले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते.

वैगुण्य सांगावे की झाकावे

माळव्याची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील जुन्या भिंतींस भेगा पडतात. आमच्या विहिरीकडील भिंतीस अशी भेग होती व ओल येत असे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणून २०१७ च्या पावसाळ्यापूर्वी आम्ही गिलावा करून रंग दिला. भाद्रपदात एक सज्जन घर पाहावयास आले, तेव्हा ओल रंगातून बाहेर आली होती. ते भिंतीवर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत, आणि पुन्हा आले नाहीत. भेगेमुळे गेले नसते कदाचित, रंगामुळे गेले.

मुठीची ती म्हण घराच्या सौद्यात कामाची नाही. सहज न दिसणारे व आपणांस ठाऊक असलेले महत्त्वाचे वैगुण्य घेणाऱ्यास सांगणे, हे उपरोक्त १८८२ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानेही विक्रेत्याचे कर्तव्यच ठरविले आहे. पोत्याच्या तोंडाशी चांगले दाणे व तळाशी किडके, असा माल आपण बाजारात खपवून घेत नाही. आपल्या आचारग्रंथांनी अशा फसवणुकीस ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणून अस्तेय व्रताचा अतिचार म्हटले आहे. तो दाण्यापुरता आहे, भिंतीपुरता नाही, असे कोणी समजू नये.

पैसा व कर

रकमेचा थोडा भाग कागदावर व बाकीचा हातात, ही रीत अद्याप काही ठिकाणी आढळते. ती सर्वस्वी त्याज्य होय. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक इसार रोखीने घेण्यास मनाई आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर घेणाऱ्याने शेकडा १ कर कापून भरावयाचा असतो. त्याचा दाखला मागून घ्यावा. गाइडलाइनची किंमत करारातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक निघाली, तर नफ्याचा कर गाइडलाइनवरच लागतो. म्हणजे कमी किंमत लिहून विक्रेत्याचे हित होत नाही. आणि खोटा लेख ही आपल्या शास्त्राप्रमाणे ‘कूटलेखक्रिया’ होय, हे निराळेच.

वडिलार्जित घरावरील नफा मोजताना वडिलांनी खरेदी केल्याची तारीख धरली जाते. घर २००१ पूर्वीचे असल्यास १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत धरता येते. त्या नफ्यातून विक्रीपूर्वी एक वर्षात वा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर करात सूट मिळते. करसल्लागाराकडे सौद्यापूर्वी जावे, नंतर नव्हे. आणि ताबा? संपूर्ण रक्कम खात्यात जमा होऊन खरेदीखत नोंदल्यावर किल्ली द्यावी. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

दलालाविना सौदा

आम्ही खंडव्यास गेलो, भगिनींची क्षमा मागितली, आणि तिघांच्या नावे कागद केले. हक्कसोडपत्र लिहून घ्यावे असे काही आप्तांनी सुचविले. ते मागण्यास आमची जीभ वळली नाही. नंतर फलक लावला व पेढीवर येणाऱ्या ओळखीच्या लोकांस सांगून ठेवले. घर पाहण्याची वेळ रविवार सकाळ एवढीच ठेवली. आलेल्यास प्रथम भेग दाखविली, मग कागदांची धारिका, मग किंमत. घेणाऱ्याचे पैसे कोठून येणार हे आरंभीच विचारले. ज्यांनी घर घेतले ते बँकेचे कर्ज काढणार होते. काही विक्रेते अशांस टाळतात. आमच्या मते ती भीती व्यर्थ आहे, कारण बँकेचे वकील कागद तपासतात, आणि ती तपासणी उतरली म्हणजे आपले कागद शुद्ध असल्याची ग्वाही मिळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ५७ लाखांस खरेदीखत झाले.

यावरून दलाल अनावश्यक आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्यांस सवड आहे, गावात ओळख आहे व कागद तयार आहेत, त्यांनी स्वतः विकावे. जे परगावी राहतात, वृद्ध आहेत किंवा ज्यांस नकार ऐकवत नाही, त्यांनी दलाल नेमावा. त्याची पारख सोपी आहे : जो प्रथम किंमत विचारतो त्याच्यापेक्षा जो प्रथम कागद विचारतो तो बरा. आमच्या पहिल्या दलालास कायद्याने काही देय नव्हते; परंतु त्याने खरे गिऱ्हाईक आणले होते व सौदा आमच्या चुकीने मोडला होता, म्हणून ठरलेल्या ५८,००० पैकी निम्मे, २९,००० आम्ही त्यास दिले.

आता हिशेब मांडू. किमतीत १ लाख कमी, भरपाईचा १ लाख, दलालीचे २९,००० : एकूण २,२९,००० रुपये, आणि बंधूंच्या देण्यावर अकरा महिन्यांचे व्याज. एका भेटीच्या आळसाची ही किंमत झाली.

नोंदणीच्या दिवशी भगिनी आल्या. त्यांच्या हिश्शाचे १९ लाख त्यांच्या नावे स्वतंत्र धनादेशाने आले. सही करून झाल्यावर त्यांनी विचारले, ओसरीत बाबांचे जुने लाकडी माप होते, ते कोणी नेले काय? ते आमच्या पेढीवर होते. दुसऱ्या दिवशी आम्ही ते स्वतः खंडव्यास पोचविले.

व्यवसायबंधूंनी घर विकताना किंमत कितीही घासून घ्यावी, दलाल ठेवावा वा न ठेवावा. परंतु ज्यांचा त्या घरात वाटा आहे त्यांस ती बातमी वर्तमानपत्रातून कळू देऊ नये, ही आमची नम्र विनंती आहे.